वाड्याची वाढ आणि वाटणी : पुण्यातील जुन्या घरांच्या फेरबदलांचा ऐतिहासिक विचार

१

पुण्याच्या जुन्या पेठांतील एखाद्या वाड्याकडे अभ्यासकाचे लक्ष गेले म्हणजे त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो 'हा वाडा केव्हाचा?' हा होय. घरातील वडीलधारी मंडळी त्यास 'पेशवाईतला' असे एका शब्दात उत्तर देतात, आणि दिंडीदरवाजा, सुरूदार खांब, चौकातील तुळशीवृंदावन ह्यांकडे पाहून अभ्यासकही ते मान्य करून टाकतो. ह्या उत्तरात खोटे असे काही नसते. परंतु इतिहासाच्या दृष्टीने ते फार अपुरे असते. ज्या वाड्याचे जोते अठराव्या शतकातील आहे त्याचा माडीवरचा मजला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा, मागील चौकातील जिना त्यानंतरचा, आणि ओसरी बंद करून काढलेली खोली १९४७ नंतरची असणे अगदी शक्य आहे. अशा वास्तूस एकच एक तारीख लावणे म्हणजे एखाद्या घराण्याच्या वंशावळीतील मूळ पुरुषाचे नाव सांगून सर्व वंशजांचा इतिहास सांगितल्याचे समाधान मानण्यासारखे आहे.

वाड्यात वेळोवेळी झालेले फेरबदल हे त्याच्या मूळ रूपावर चढलेले कीट समजण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखात ह्याच फेरबदलांना मुख्य साधन मानून काही विचार मांडावयाचे आहेत. वाड्यातील पुष्कळशी नवी बांधणी घर मोठे करण्याच्या हौसेपोटी झालेली नसून, घर न मोडता ते वाटून घेता यावे ह्या गरजेपोटी झाली, असे आमचे प्रतिपादन आहे. वाढ आणि वाटणी ह्या दोन क्रिया आपण परस्परविरोधी मानतो. वाड्याच्या बाबतीत त्या एकाच सुताराने एकाच वेळी केलेल्या आहेत. ही गोष्ट ध्यानात घेतल्यास एकत्र कुटुंबाविषयीच्या आणि जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या आपल्या काही रूढ समजुती तपासून पाहाव्या लागतात.

२

प्रथम वाड्याची रचना पाहू. काळ्या दगडाचे जोते, त्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, आणि त्यावर मातीचा थर देऊन केलेली वरच्या मजल्याची जमीन, असा हा सांगाडा असतो. घराचा भार मुख्यत्वे ह्या लाकडी सांगाड्यावर असतो. बाहेरच्या भिंती जाड विटामातीच्या असल्या, तरी आतील पुष्कळशा भिंती केवळ आडोशाच्या असतात. दोन खांबांमधील अंतरास खण म्हणतात. जुन्या खरेदीखतांत आणि वाटणीपत्रांत घराचे वर्णन चतुःसीमा देऊन व खण मोजून केलेले आढळते. खोल्यांची संख्या त्या मानाने गौण असते, ह्याचे कारण उघड आहे. खोली ही बदलणारी गोष्ट होय. आज दोन खणांत कुडाची भिंत घातली की दोन खोल्या झाल्या, उद्या ती काढली की पुन्हा एक सोपा झाला. खण मात्र कायम राहतो.

ह्या रचनेचा एक परिणाम असा की वाडा वाढविण्यास त्याची मोडतोड करावी लागत नाही. ओळीच्या शेवटी आणखी एक खांब उभा करून नवी तुळई टाकली की एक खण वाढतो. अशा चार ओळी मोकळ्या जागेभोवती बसविल्या की दुसरा चौक होतो. साधे घर एका चौकाचे, संपन्न गृहस्थाचे दोन चौकांचे, सरदार-मुत्सद्द्यांचे त्याहूनही अधिक चौकांचे, अशी ही चढती श्रेणी आहे. वाईजवळ मेणवली येथे नाना फडणीसांचा जो वाडा आहे तो सहा चौकांचा आहे. पहिल्या चौकात कचेरी व दिवाणखाना, आतील चौकात माजघर, देवघर, स्वयंपाकघर व बाळंतिणीची खोली, आणि शेवटी परसू व विहीर, असा क्रम सामान्यतः असे. म्हणजे रस्त्यापासून जितके आत जावे तितके घर अधिक खाजगी होत जाते. वाढ झाली तरी हा क्रम सहसा मोडत नाही, आणि म्हणून नवा चौक कोणत्या बाजूस जोडला आहे ह्यावरून कुटुंबाचा व्यवहार वाढला की माणसे वाढली ह्याचा काहीसा अंदाज बांधता येतो. व्यवहार वाढला तर पुढील बाजू ताणली जाते, माणसे वाढली तर मागील.

दुसरा परिणाम असा की जी रचना वाढविण्यास सोपी तीच विभागण्यासही सोपी. दोन भावांनी वेगळे व्हावयाचे ठरविले तर खांबांची एक ओळ सीमा म्हणून धरावयाची, तिच्यातील खण विटांनी बुजवावयाचे, आणि ज्याच्या वाट्यास जिना आला नाही त्याच्यासाठी चौकातून दुसरा जिना चढवावयाचा. सुताराचे व गवंड्याचे हे काम थोड्या दिवसांचे असते. परंतु त्या कामाने एका घराची दोन घरे होतात, आणि बाहेरून पाहणाऱ्यास मात्र दिंडीदरवाजा एकच दिसतो.

३

वाडा थरांनी वाढतो ह्याचे सर्वांत सुप्रसिद्ध उदाहरण राज्यकर्त्यांच्या घराचेच आहे. शनिवारवाड्याच्या बांधकामास १० जानेवारी १७३० रोजी आरंभ झाला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. ह्या दोन तारखा आपणां सर्वांस पाठ असतात. परंतु त्या दिवशी जो वाडा उभा होता तो पुढील पिढ्यांनी पाहिलेला शनिवारवाडा नव्हे. भोवतालच्या तटाचे काम नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत पुरे झाले. आतील महाल, दिवाणखाने, हौद व कारंजी त्या त्या पेशव्याच्या वेळी वाढत गेली. वाड्यातील वास्तूंची नावेच ह्याची साक्ष देतात. थोरल्या रायांचा दिवाणखाना असे नाव तेव्हाच पडते, जेव्हा धाकट्या पिढीचाही दिवाणखाना त्याच आवारात असतो. जुना आरसेमहाल हे नावही नवीन काही उभे राहिल्याशिवाय संभवत नाही. १७९१ पासून ह्या वाड्यास वारंवार आगी लागल्या आणि १८२८ च्या फेब्रुवारीतील मोठ्या आगीत आतील इमारती नष्ट झाल्या. आज जी जोती दिसतात ती अनेक पिढ्यांची एकावर एक पडलेली छाप होय.

विश्रामबागवाड्याची गोष्ट निराळी, पण ह्याच दिशेची आहे. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो बांधविला. पेशवाई गेल्यावर १८२१ साली तेथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ साली लागलेल्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला आणि तो मागाहून पुन्हा बांधण्यात आला. विसाव्या शतकात तेथे नगरपालिकेची कचेरी आली. राजाचे निवासस्थान, पाठशाळा, कचेरी, आणि आता प्रेक्षणीय स्थळ, अशा चार अवस्थांतून गेलेल्या ह्या वास्तूचा प्रत्येक भाग एकाच काळाचा मानणे कोणासही शक्य नाही.

ही दोन्ही घरे असामान्य होती, त्यांचे हिशेब लिहिले गेले आणि त्यांच्या आगींची नोंद राहिली. सामान्य गृहस्थाच्या वाड्याचे असे दप्तर क्वचित असते. त्याचा इतिहास कागदाऐवजी लाकडात व विटांत लिहिलेला आहे. तो वाचण्यास कुटुंबाचा व्यवहार जाणून घेणे आवश्यक ठरते.

४

कुटुंबाची वाढ खोल्यांनी मोजली जात नाही, चुलींनी मोजली जाते. मुलांची लग्ने झाली, सुना आल्या, तरी चूल एक आहे तोवर घर एक. माडीवर नवविवाहितांसाठी खोली काढणे, बाळंतिणीची खोली मोठी करणे, ओसरीला लागून पडवी उतरविणे, हे सर्व फेरबदल एका चुलीच्या मर्यादेत होतात. दुसरी चूल मांडली गेली म्हणजे मात्र वाड्यात मूलगामी बदल होतो. तिच्यासाठी धूर जाण्यास वाट हवी, पाण्याची सोय हवी, सरपणास व धान्यास जागा हवी. जेथे पूर्वी कोठी होती तेथे कडीपाटावर काजळीचा थर दिसला, तर तेथे केव्हा तरी वेगळा स्वयंपाक होऊ लागला असे समजावे. एकाच मजल्यावर दोन ठिकाणी अशी काजळी आढळली, तर त्या घरात निदान काही काळ दोन कुटुंबे नांदली हे अनुमान काढण्यास हरकत नाही.

काय वाटावयाचे आणि काय वाटावयाचे नाही ह्याविषयी धर्मशास्त्राने फार पूर्वी विचार केलेला आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात अविभाज्य वस्तूंची जी यादी आहे तीत उदक आणि प्रचार ह्यांचा समावेश आहे. टीकाकारांनी उदक म्हणजे विहिरीसारखा जलाशय असा अर्थ घेतला आहे, आणि मिताक्षरेने प्रचार म्हणजे घर, बाग इत्यादिकांत येण्याजाण्याची वाट असा अर्थ केला आहे. पुण्यातील वाटलेल्या वाड्यात नेमके हेच आढळते. खण वाटले जातात, माडी वाटली जाते, बळद आणि कोठीही वाटली जाते. परंतु विहीर, चौक, दिंडीदरवाजा आणि तेथून आत येणारी बोळवजा वाट ही सामाईक राहतात. देवघराचे बाबतीत पाळी लावून घेण्याची रीत आहे. कुलधर्म एकत्र, नैवेद्य मात्र ज्याच्या त्याच्या चुलीवरचा. वाटणीपत्रांतील सरसनिरस हा शब्द ह्या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. ज्याच्या वाट्यास रस्त्याकडील उजेडाचे खण आले त्याने काही रक्कम द्यावयाची, ज्यास मागील काळोखे खण आले त्याने ती घ्यावयाची, असा तो हिशेब असतो. त्या रकमेतूनच पुष्कळदा मागील भागावर नवा मजला चढतो. म्हणजे वाटणीनेच वाढीस भांडवल पुरविलेले असते.

ह्या ठिकाणी समाजशास्त्रज्ञांच्या एका वादास वास्तूचा पुरावा जोडता येतो. इरावती कर्वे ह्यांनी १९५३ साली एकत्र कुटुंबाची जी व्याख्या केली तीत एक छप्पर, एक चूल, सामाईक मिळकत, सामाईक पूजा आणि परस्परांतील नाते ही लक्षणे येतात. पुढे आय. पी. देसाई ह्यांनी गुजरातेतील महुवा गावाच्या अभ्यासात, १९६४ साली, निवास वेगळा असूनही मिळकत, विधी व परस्परकर्तव्ये ह्यांच्या द्वारा कुटुंब एकत्र राहू शकते असे दाखविले. वाटलेल्या वाड्यात ही लक्षणे एकमेकांपासून सुटी होऊन दिसतात : छप्पर एक, चुली दोन किंवा तीन, मिळकत विभक्त, पूजा पाळीने, विहीर सामाईक. म्हणून मोठा चौकाचा वाडा दिसला की तेथे मोठे एकत्र कुटुंब होते असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. वाड्याचा आकार कुटुंबाच्या एकोप्याचा पुरावा नाही. जिन्यांची व चुलींची संख्या हा पुरावा अधिक विश्वसनीय होय.

५

१८१८ नंतर वाड्यांच्या इतिहासास निराळे वळण लागले. सरंजामाचे व दप्तराचे उत्पन्न आटले, कचेरीचा चौक ओस पडला. घर मोठे आणि उत्पन्न लहान अशी पुष्कळ घराण्यांची स्थिती झाली. ह्यातून जो मार्ग निघाला तो भाडेकऱ्याचा. नव्या शिक्षणासाठी पुण्यास येणारे विद्यार्थी, सरकारी कचेऱ्यांतील कारकून, शिक्षक, छापखान्यातील कामगार ह्यांना जागा हवी होती, आणि वाड्याच्या पुढील चौकातील खण रिकामे होते. वाड्याची सार्वजनिक बाजू आधीपासूनच परक्यांच्या वावरासाठी योजलेली असल्याने हा बदल सुलभ झाला. बुधवार पेठेतील भिडेवाड्यात १८४८ साली जोतीराव फुले ह्यांनी मुलींची शाळा काढली, ती अशाच घरगुती जागेत. १९०५ साली लोकमान्य टिळकांनी सयाजीराव गायकवाड ह्यांच्याकडून घेतलेला गायकवाडवाडा निवासस्थान, वृत्तपत्राची कचेरी आणि छापखाना ह्या तिन्ही कामी आला. एकोणिसाव्या शतकातील पुण्याचे सार्वजनिक जीवन मोठ्या प्रमाणात वाड्यांच्या ह्या बदललेल्या चौकांतच घडले.

ह्याच काळात बांधणीचे सामान बदलले. २१ एप्रिल १८६३ रोजी बोरघाटातील लोहमार्ग खुला होऊन मुंबई-पुणे रेल्वे अखंड झाली. बंदरावर उतरणारा माल त्यामुळे घाटमाथ्यावर स्वस्तात येऊ लागला. बासेल मिशनने मंगळूर येथे १८६५ साली कौलांचा कारखाना काढला होता. ती चपटी मंगळुरी कौले नळीच्या कौलांपेक्षा एकमेकांत घट्ट बसत, आणि त्यांची डागडुजी कमी करावी लागे. ब्रह्मदेशचा साग, ओतीव लोखंडाचे खांब, पुढे लोखंडी तुळया व पन्हळी पत्रे ही सारी सामग्री ह्या मार्गानेच वाड्यात शिरली. अभ्यासकास ह्या गोष्टींचा मोठा उपयोग आहे. जेथे मंगळुरी कौलांखाली मूळचेच मोजमापाचे रीप बसविलेले आहेत तो मजला १८६५ पूर्वीचा असणे शक्य नाही. मात्र उलट अनुमान काढताना सावध राहावे लागते. नक्षीदार खांब सापडला म्हणून तेवढा भाग जुना, असे म्हणता येत नाही. कारण मोडलेल्या वाड्याचे लाकूड विकत घेऊन नव्या बांधणीत वापरण्याची चाल सर्रास होती. खांबात जेथे काहीच बसत नाही अशी रिकामी खाच दिसली, तर तो खांब दुसरीकडून आला आहे किंवा त्या ठिकाणची तुळई काढून टाकलेली आहे, ह्या दोहोंपैकी एक गोष्ट खरी असते.

१८९७ च्या प्लेगने घराच्या अंतर्भागाकडे सरकारचे लक्ष प्रथमच इतक्या सक्तीने वेधले. घरझडती, सामानाची होळी, भिंतींस चुना मारणे ह्या उपायांनी पुण्यात जो क्षोभ माजला आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर जो हल्ला झाला, तो राजकीय इतिहासाचा विषय आहे. वास्तूच्या इतिहासात ह्या प्रसंगाचे महत्त्व असे की माजघर, बाळंतिणीची खोली, देवघर ह्या जागांचा काळोख तोवर खाजगीपणाचा भाग मानला जाई. आता तो आरोग्याचा दोष ठरला. पुढील पिढीने भिंती फोडून खिडक्या बसविल्या, छपरात काचेची कौले घातली. चौकाकडे तोंड केलेले घर हळूहळू रस्त्याकडे पाहू लागले.

६

आता कायद्याकडे वळू. घर वाढविताना कोणी खर्च केला आणि ते घर कोणाचे, हा प्रश्न नोकरीपेशाच्या वाढीबरोबर तीव्र झाला. एक भाऊ मुंबईस नोकरी करतो, मनिऑर्डरीने पैसे पाठवितो, त्या पैशाने वडिलोपार्जित वाड्यावर मजला चढतो; दुसरा भाऊ घरी राहून आईवडिलांची सेवा आणि घराची राखण करतो. वाटणीच्या वेळी तो मजला कोणाचा? बांधणाऱ्याने आपली कमाई समाईक मिळकतीत मिसळली होती काय, हे न्यायालये पाहत; आणि जमीन समाईक ठरली तरी शक्य तेथे बांधलेला भाग बांधणाऱ्याच्याच वाट्यास घालण्याचा न्याय्य मार्ग स्वीकारीत. विद्येच्या बळावर मिळविलेली कमाई स्वतंत्र मानावी की नाही ह्याविषयीचा दीर्घ वाद मुकुंदराव जयकर ह्यांच्या प्रयत्नाने झालेल्या १९३० च्या विद्याधन कायद्याने मिटला, आणि अशी कमाई मिळविणाऱ्याची स्वतःची ठरली. ह्यापुढे माडीच्या प्रत्येक विटेस स्वतंत्र मालक असू शकत होता.

परक्याचा प्रवेश रोखण्याकडेही कायद्याचे लक्ष होते. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातील एका भागीदाराचा हिस्सा बाहेरच्या माणसाने विकत घेतला, तरी त्यास घरात इतरांबरोबर ताबा मागता येत नाही, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ४४ व्या कलमाने ठरविले. आणि अशा खरेदीदाराने वाटपाचा दावा लावल्यास कुटुंबीयांस तो हिस्सा रास्त किमतीने परत घेण्याची मुभा १८९३ च्या वाटप कायद्याच्या ४ थ्या कलमाने दिली. राहते घर ही इतर मिळकतीसारखी मिळकत नव्हे, ही भावना ह्या कलमांमागे आहे.

परंतु ह्याच भावनेची दुसरी बाजू घरातील स्त्रियांच्या वाट्यास आली. १९३७ च्या कायद्याने विधवेस पतीच्या हिश्श्यावर मर्यादित हक्क आणि वाटणी मागण्याचा अधिकार दिला. तोवर मागील चौकातील एखादी अंधारी खोली व अन्नवस्त्र एवढ्यावरच पुष्कळजणींची बोळवण होत असे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीस वारस केले खरे, परंतु त्याच कायद्याच्या २३ व्या कलमाने राहत्या घराची वाटणी मागण्याचा हक्क तिला नाकारला. पुरुष वारस आपसांत वाटणी करीपर्यंत तिने थांबावयाचे, आणि तोवर अविवाहित, विधवा, परित्यक्ता किंवा पतीपासून विभक्त असल्यासच तिला तेथे राहण्याचा अधिकार. हे कलम ९ सप्टेंबर २००५ पासून रद्द झाले. महाराष्ट्राने त्यापूर्वी १९९४ साली मुलींना सहदायाद केले होते. कायद्याने दिलेला हक्क हक्कसोडपत्राने परत घेण्याची रीत मात्र आजही जिवंत आहे. आणि वाड्याच्या कागदपत्रांत बहिणींची नावे पुष्कळदा ह्या एकाच दस्तात, सहीपुरती, भेटतात. भावाभावांच्या वाटणीने वाड्यात जिने, भिंती आणि मजले उभे राहिले. बहिणींच्या हक्काने असा एकही खण सहसा उभा राहिला नाही. वाड्याचा नकाशा वाचताना ही अनुपस्थिती हाही पुरावा मानला पाहिजे.

७

वाड्याची नैसर्गिक वाढ थांबविणाऱ्या कारणांत १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याचे स्थान मोठे आहे. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण भाडे मानावे, हे त्याचे मुख्य सूत्र. युद्धोत्तर टंचाईत भाडेकऱ्यांस ह्या कायद्याने आधार दिला, हे नाकारता येणार नाही. मध्यमवर्गाच्या एका संपूर्ण पिढीचे शिक्षण त्या आधारावर झाले. पण मिळणाऱ्या भाड्यातून कौले परतण्याचाही खर्च निघेना, तेव्हा मालकाने घरास हात लावणे सोडून दिले. दुसरीकडे, मालकाच्या लेखी संमतीवाचून कायम स्वरूपाचे बांधकाम केल्यास भाडेकऱ्यास जागा सोडावी लागण्याचे भय होते. म्हणून तोही भिंत बांधीना. त्याने फळ्यांचे पार्टिशन घातले, गॅलरीस पत्रा ठोकला, मोरीस पडदा लावला. वाड्यात १९४७ नंतर आढळणारे फेरबदल इतके तकलादू का, ह्याचे उत्तर दारिद्र्यात जितके आहे तितकेच ह्या कलमांत आहे. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि त्याने भाड्यात दरसाल ४ टक्के वाढीस मुभा दिली; परंतु मधल्या अर्धशतकात बहुतेक वाड्यांची हाडे झिजून गेली होती.

त्यातच १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व पाठोपाठ खडकवासला ही धरणे फुटून मुठेचा लोंढा नदीकाठच्या पेठांत शिरला. विटामातीची भिंत पाण्यात उभी राहू शकत नाही. शेकडो घरे बसली. ज्यांची घरे उरली त्यांनाही मातीच्या भिंतीचा भरवसा वाटेना. सिमेंट-काँक्रीटकडे पुण्याचा जो ओढा लागला त्यास ह्या पुराने मोठी गती दिली. पुढे १९६३ च्या व १९७० च्या सदनिकाविषयक कायद्यांनी एका इमारतीत अनेक मालक असण्यास निश्चित चौकट मिळाली, आणि वाडा पाडून त्या जागी सदनिका बांधून मालक, भाऊबंद व भाडेकरू ह्यांनी त्या वाटून घेणे हा वाड्याचा शेवटचा फेरबदल ठरला.

ह्या शेवटच्या रूपांतरातही एक जुना धागा टिकून आहे. १९७० च्या कायद्यानुसार जिना, प्रवेशमार्ग, पाण्याची टाकी ही सामाईक क्षेत्रे अविभाज्य असतात आणि त्यांची वाटणी कोणासही मागता येत नाही. उदक आणि प्रचार ह्यांविषयीचा स्मृतिकारांचा नियम आणि आधुनिक सदनिकांचा नियम ह्यांत परंपरेचे सरळ नाते आहे असे आमचे म्हणणे नाही. एका छपराखाली अनेक चुली नांदावयाच्या असतील तर पाणी आणि वाट सामाईक ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, ही व्यावहारिक सक्ती दोन्हीकडे सारखीच आहे.

८

वरील विवेचनातून अभ्यासपद्धतीविषयी काही गोष्टी निष्पन्न होतात. वाड्याची पाहणी करताना खोल्यांऐवजी खण मोजावेत. प्रत्येक जिना, चूल, मोरी व बुजविलेले दार नकाशावर दाखवावे. जमिनीची पातळी जेथे एखाद्या पायरीने बदलते तेथे दोन काळांचा सांधा आहे काय ते पाहावे. विटांचे आकार व कौलांचे प्रकार टिपावेत. मग वाटणीपत्रे, हक्कसोडपत्रे आणि मिळकत पत्रिकेचे उतारे ह्या नकाशाशेजारी ठेवावेत. कागद आणि काष्ठ ह्यांचा मेळ बसला म्हणजे घराण्याचा असा इतिहास हाती लागतो की जो बखरींत व पत्रव्यवहारात सहसा सापडत नाही.

जतनाच्या दृष्टीनेही ह्याचा विचार व्हावयास हवा. एखादा वाडा दुरुस्त करताना त्यास 'मूळ रूप' देण्याचा आग्रह धरला जातो. मागाहूनच्या भिंती पाडल्या जातात, दुसरा जिना काढला जातो, चौक पुन्हा मोकळा केला जातो. वास्तू देखणी होते. परंतु तिच्यात राहिलेल्या पाच-सहा पिढ्यांचे अस्तित्व पुसले जाते आणि उरतो तो केवळ बांधणारा मूळ पुरुष. राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाड्यांची कोरीव दारे व खिडक्या जतन झाल्या, हे मोठेच कार्य होय. पण दार संग्रहालयात ठेवता येते, ते कोणत्या दोन खणांमध्ये होते आणि केव्हा बुजविले गेले हे संग्रहालयात ठेवता येत नाही. भिडेवाडा राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. तेथील शाळेची स्मृती स्मारकाने राहील. ज्या घरगुती खणांत ती शाळा भरली त्यांचा पुरावा आता केवळ पूर्वी घेतलेल्या नोंदींत व छायाचित्रांतच शोधावा लागेल.

सर्वच वाडे राखणे शक्य नाही, आणि त्यांत राहणाऱ्यांच्या गैरसोयीकडे डोळेझाक करून तशी मागणी करणे न्याय्यही नाही. परंतु वाडा पाडण्यापूर्वी त्याची मोजणी करणे शक्य आहे, आणि हे काम स्थापत्य, इतिहास, समाजशास्त्र व विधी ह्या विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी मिळून करण्याजोगे आहे. प्रत्येक पावसाळ्याबरोबर हे साधन कमी होत चालले आहे. कागद जपणाऱ्या संस्था महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. खण मोजून ठेवणाऱ्यांची आता गरज आहे.